मयत फुलबॅकचा कप

आम्ही रग्बीचा कोस्ट कप जिंकला. अंतिम सामन्यात रेडगिलला तेरा-बारा असं हरवलं, आणि अगदी शेवटी त्यांच्या म्हशीएवढ्या गड्याला गोलरेषेवर ज्याने आडवा पाडला, तो स्केलबेकचा फुलबॅक, म्हणजे सगळ्यांच्या मागे शेवटचा उभा राहणारा गडी, मी होतो.

झालं सांगून. आता हे विसरा. असा सामना झालाच नाही. झाला असेल तर मी तिथे नव्हतो. तिथे असेन तर तो मी नव्हतो. ही तीन वाक्यं माझ्या नॉर्मनमामाने माझ्याकडून पाठ करून घेतली आहेत. याच क्रमाने म्हणायची आणि मधे श्वास घ्यायचा नाही, कारण श्वास घेतला की माणूस खरं बोलून जातो असं मामाचं निरीक्षण आहे. मामा समुद्राखालच्या कोळशाच्या खाणीत काम करतो. श्वास या विषयातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

माझं नाव क्लाइव्ह मॉसप. एलनपोर्टला औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो आणि शनिवारी एलनपोर्ट क्लबकडून रग्बी खेळतो. म्हणजे खेळायचो. ती युनियन रग्बी, पंधरा जणांची. खेळ संपल्यावर टाय लावून चहा पिणाऱ्यांची. माझं आजोळ स्केलबेक. तिथे लीग रग्बी, तेरा जणांची. चहा मिळेल त्या भांड्यातून. दोन गावांच्या मधे एक टेकडी आहे आणि एक नियम आहे. टेकडी चढता येते. नियम असा, की युनियनच्या माणसाने लीगचा एक जरी सामना खेळला तरी तो युनियनला मेला. पुन्हा खेळायचं नाही, पंच व्हायचं नाही, क्लबच्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही, मरेपर्यंत. खून केलेला माणूस कधी ना कधी सुटून येतो. इथे तशी सोय नाही.

आणि जूनमध्ये माझं हिलरी सेन्हाउसशी लग्न होतं. हिलरीचे वडील एलनपोर्ट क्लबचे अध्यक्ष. चर्चमध्ये मला कोणी अडवणार नव्हतं, तिथे पापी लोक चालतात. पण लग्नाचं जेवण क्लबच्या मोठ्या हॉलमध्ये ठरलेलं होतं. तो हॉल हिलरीच्या आजोबांनी बांधलेला, पडदे तिच्या आईने निवडलेले, आणि त्या घरातलं प्रत्येक लग्न तिथेच जेवलेलं.

त्यांच्या दिवाणखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगलेली दिसली.

"हे काय?" मी हिलरीला विचारलं.

"काका," ती म्हणाली. "एका सुट्टीत लीग खेळला."

"वारला?"

"नाही रे. मागच्या गल्लीत राहतो."

तेव्हापासून त्या घरात चहाचा कप उचलायच्या आधी मी त्या तसबिरीकडे बघून घ्यायचो.

तर सप्टेंबरात एके दिवशी नॉर्मनमामा दुकानात आला. हा स्केलबेक संघाचा प्रशिक्षक, चिटणीस आणि मैदानावरच्या मेंढ्या हाकलणारा, तिन्ही. चोळायचं तेल मागितलं आणि बाटलीच्या झाकणाशी खेळत उभा राहिला.

"भाच्या, शनिवारी काय करतोयस?"

"का?"

"आमच्या फुलबॅकचं खांद्याचं हाड मोडलं. कपचा पहिला राउंड आहे."

"मामा, नाही."

"अरे, हरणारच आहोत आम्ही. पण बारा जण घेऊन हरलो की लोक हसतात. तेरा जण घेऊन हरलो तर नुसते हळहळतात."

"मामा, मला जन्माची बंदी होईल. लग्न मोडेल. मला भिंतीकडे तोंड करून टांगतील."

"तुला? तुझा काय संबंध?" मामा म्हणाला. "खेळणार टबमन."

हे नाव ऐकल्यावर मी हो म्हणणार हे मला कळून चुकलं.

आयझॅक टबमन हा स्केलबेकचा फार मोठा फुलबॅक. घरी खुर्चीत बसून बुटांना तेल लावता लावता वारला, त्याला बरीच वर्षं झाली. कपमध्ये नोंदणी असलेलाच खेळाडू खेळू शकतो. टबमनचं नाव नोंदणीतून काढायचं मामाच्या जिवावर आलं, म्हणून दर मोसमाला तो ते पुढे चालू ठेवत गेला. आणि मग त्याचा उपयोग लक्षात आला. ज्याला स्वतःच्या नावाने खेळता येत नाही, तो टबमन म्हणून खेळतो. कुणी बायकोला आईकडे जातो सांगून आलेला, कुणी खाणीत आजारी म्हणून रजा टाकलेला. मेल्यापासून टबमन जाड झाला, बारीक झाला, एक मोसम डावखुरा होता आणि एकदा तर कॅथलिक पाद्री. आजूबाजूच्या संघांना हे माहीत आहे. त्यांच्याकडेही आपापले मयत आहेत.

याला एकच अट. सामना संपला की जो कोणी टबमन असेल त्याने चिखलाची जर्सी घेऊन हेटीकाकूंकडे जायचं. ही टबमनची बायको. ती जर्सी धुते, समोर बसवून मटण-बटाट्याचं जेवण वाढते, आणि खेळात काय चुकलं त्यावरून झाडते. हेटीकाकूंचं डोकं ठिकाणावर आहे. नवरा मेलाय हे त्यांना सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण शनिवारी कुणावर तरी ओरडायला मिळतं, ते कशाला सोडा, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या राउंडला देवाच्या कृपेने चिखल होता. मी कान झाकणारी चामड्याची टोपी घातली, वर बँडेज गुंडाळलं, आणि चेहरा ओळखू येऊ नये म्हणून गालात कापूस भरला. औषधांच्या दुकानात काम करण्याचा हा एक फायदा. पहिल्याच टॅकलमध्ये कुणीतरी मला धरून आडवं पाडलं आणि तो कापूस मी गिळला.

माझं सगळं लक्ष कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे होतं. एलनपोर्टचं कुणी आलंय का? तो टोपीवाला खाटीक तर नाही? तेवढ्यात चेंडू माझ्या हातात आला, आणि त्याच क्षणी डाव्या बाजूला मला स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर दिसला. कॅमेरा डोळ्याला लावून माझ्याकडेच रोखलेला. मी जिवाच्या आकांताने उलट्या दिशेला पळत सुटलो. वाटेत चार-पाच माणसं आडवी आली, त्यांना चुकवलं. ती कॅमेऱ्याच्या मानाने काहीच नव्हती. थांबलो तेव्हा गोलरेषा मागे राहिली होती, गुण आमचे झाले होते आणि सगळं स्केलबेक माझ्या अंगावर पडलं होतं.

आम्ही जिंकलो. वर्तमानपत्रात छापून आलं: 'टबमनची अफलातून धाव.' फोटो माझ्या पाठीचा होता. मी तो बराच वेळ निरखून पाहिला आणि माझी पाठ मला फारच ओळखीची वाटली.

"आयझॅक," जेवण वाढताना हेटीकाकू म्हणाल्या, "चेंडू काखेत धरतात का? लेकराला धरतात तसा धरावा. इतक्या वर्षांत एवढंही कळलं नाही?"

"चुकलं, काकू."

"काकू काय? आणि घास चावून खा. काय गिळलंस मघाशी? मी पाहिलं."

"कापूस."

"शुद्धीवर आहेस ना?"

दुसऱ्या राउंडला मी ठरवूनच गेलो, की आता हरायचं. वाईट खेळायचं, कपमधून बाहेर पडायचं आणि जूनची वाट बघायची. चेंडू आला की मी तो नुसता वर मारायचा, कुठेही. पण स्केलबेकचं मैदान समुद्राकाठी आहे. मी मारलेला चेंडू वारा अर्ध्यात अडवायचा आणि आमच्याच पोरांच्या पुढ्यात आणून टाकायचा. आमचा कप्तान सॉल ब्रॅग, याची मान डोक्यापेक्षा रुंद, असे दोन चेंडू झेलून दोनदा गोलरेषा ओलांडून गेला.

"वाऱ्याचा काय अभ्यास आहे रे तुझा!" तो मला मिठी मारून म्हणाला. माझ्या बरगड्या वाजल्या. मी हरायचा प्रयत्न करत होतो हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या मिठीत असताना माणूस वाद घालत नाही.

मग फेब्रुवारीत खाणी संपावर गेल्या. संपावर गेलेल्या खाणकामगारांना दिवसभर सराव करायला वेळच वेळ. माझी उरलीसुरली आशा तिथे संपली. तिसरा राउंडही आम्ही जिंकला.

दर राउंडला गर्दी वाढत होती. टबमन नावाचा कोण हा, म्हणून लोक बसने यायला लागले. मला झोपेत ओरडायची सवय लागली. दुकानात घंटा वाजून दार उघडलं की मी काउंटरखाली बसायचो आणि खोकल्याचं औषध शोधतोय असं दाखवायचो. मालक म्हणाले, "मॉसप, कुणाला खोकला नसतानाही तुम्ही ते फार शोधता."

आणि मग समितीचं बोलावणं आलं.

एलनपोर्ट क्लबची समिती म्हणजे सहा माणसं, एक लांब टेबल आणि टोकाला सेन्हाउससाहेब. त्यांच्या पुढ्यात वर्तमानपत्र होतं. लीगचं पान ते शेकोटीच्या चिमट्याने उलटत होते. मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात हिलरीचा निरोप घेतला. पडद्यांचासुद्धा घेतला.

"मॉसप," ते म्हणाले, "हा टबमन."

"कोण, सर?" माझा आवाज शिट्टीसारखा आला.

"हा माणूस लीगचा नाही. चेंडूवर पाय कसा पडलाय बघा. ही किक युनियनची आहे. आपल्यातलाच कुणीतरी खोट्या नावाने तिकडे जातोय."

टेबलाभोवतीच्या सहाही जणांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. सगळ्यात तरुण सदस्य सत्तर वर्षांचा होता.

"तुमचं आजोळ तिकडचं ना? तुम्हाला तिकडे कुणी हटकणार नाही. उपांत्य सामन्याला जा, त्याला जवळून बघा, आणि समितीला अहवाल द्या."

अशा रीतीने समितीने मला माझ्याच मागावर पाठवलं. मी टबमनला जवळून पाहिलं. चांगला अर्धा मोसम मी त्याच्या चड्डीत होतो. उपांत्य सामना आम्ही जिंकला, आणि सोमवारी मी उभा राहून अहवाल वाचला. उंची मध्यम. चेहरा चिखलाचा. केसांचा रंग बँडेजमुळे समजला नाही. स्वभावाने अत्यंत भित्रा वाटला.

"भित्रा?" सेन्हाउससाहेब म्हणाले. "मग आपला नव्हे."

समिती हसली. मीही हसलो. जरा लागलंच मला, पण जीव भांड्यात पडला. तो भांड्यात अर्धा मिनिटसुद्धा राहिला नाही.

"तरीही," ते म्हणाले, "अंतिम सामना मी स्वतः बघेन. त्या मैदानात पाऊल अर्थातच टाकणार नाही. टेकडीवरून बघेन, दुर्बिणीतून. टेकडीवरून बघणं म्हणजे उपस्थित राहणं नव्हे, असा ठराव मांडतो."

ठराव एकमताने मंजूर झाला.

त्या आठवड्यात मी हेटीकाकूंकडे गेलो आणि स्वच्छ सांगितलं, की मला खेळता येणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातात एक बटाटा आणि सुरी दिली.

"सोल."

मी सोलायला लागलो.

"भीती वाटते?"

"फार."

"आयझॅकलाही वाटायची. दर शनिवारी सकाळी ओकायचा. परसात, दरवाज्यामागं. मला कळत नाही असं त्याला वाटायचं." त्यांनी माझ्या हातातला बटाटा घेतला, मी सालाबरोबर निम्मा बटाटाही टाकत होतो. "पाच वेळा फायनलला गेला. एकदाही कप नाही मिळाला बिचाऱ्याला. जायचं नसेल तर नको जाऊस, पोरा. मी काही म्हणायची नाही."

एवढ्या मोसमात त्यांनी मला पहिल्यांदाच पोरा म्हटलं. तुम्हीच सांगा, यावर माणूस काय करणार? मी गेलो.

अंतिम सामन्याच्या दिवशी कडक ऊन. आमच्या किनाऱ्यावर एप्रिलात ऊन म्हणजे चमत्कार, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला. मैदान खडखडीत कोरडं, नखभरही चिखल नाही. कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून टेकडी दिसत होती, आणि टेकडीवर एक काळा ठिपका. मधूनच त्यातून काच चमकायची.

"मामा," मी म्हटलं, "मी मेलो."

"टबमन मेलाय. तू कशाला?" मामा म्हणाला, पण तोही टेकडीकडे बघत होता.

मग सॉल ब्रॅगने काही न बोलता बँडेजची गुंडाळी उचलली आणि स्वतःच्या डोक्याला बांधायला लागला. डोळे आणि तोंड सोडून सगळं. त्याचं पाहून बाकीच्यांनी बांधलं. तेरा जण, तेरा बँडेज, सगळे एकसारखे. ही गुंडाळी मीच दुकानातून आणली होती. आम्ही मैदानात उतरलो तेव्हा रेडगिलचे लोक आमच्याकडे बघतच राहिले. सामना सुरू व्हायच्या आधीच ज्यांची तेराच्या तेरा डोकी फुटलेली आहेत, असा संघ त्यांनी पाहिला नव्हता. आम्ही खोलीत आपसात सराव केला असावा असा त्यांचा समज झाला. त्यांचा एक गडी पंचाला विचारत होता, "हे असं एकमेकांना करतात, तर आम्हाला काय करतील?"

पहिला अर्धा वेळ ते आमच्यापासून चार हात लांबच राहिले. तिथेच आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांची भीती गेली आणि माझी होती तशीच राहिली. शेवटी तेरा-बारा आणि खेळ संपत आलेला. रेडगिलचा हेक्टर गॅस्कार्थ, उपांत्य सामन्यापासून माझ्या स्वप्नात येणारा, चेंडू घेऊन सुटला. हेक्टर गॅस्कार्थ दगडाच्या खाणीत सुरुंग लावतो. तो पळताना पाहिला की वाटतं सुरुंगाची गरज काय. आमची तीन माणसं त्याच्या अंगाला लटकून आली आणि एकेक करून गळून पडली. आता त्याच्या आणि गोलरेषेच्या मधे फक्त टबमन होता. जमीन पायाखाली थरथरत होती. मला त्याच्या नाकातले केस दिसले. मला हिलरी आठवली, आई आठवली, आणि मी दुकानाची किल्ली खिशात घेऊन आलोय हे आठवलं.

"आयझॅक!" कडेने हेटीकाकूंचा आवाज आला. "खाली! पायांत घुस, मेल्या!"

मी घुसलो असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे गुडघ्यांनी दगा दिला आणि मी खाली बसलो. गॅस्कार्थ माझ्यावर अडखळला, हवेत गेला, आणि गोलरेषेच्या अलीकडे असा आदळला की झेंडे हलले. चेंडू त्याच्या हातून सुटून मेंढ्यांच्या कुंपणापर्यंत गेला. शिट्टी वाजली.

मी उठून आधी टेकडीकडे पाहिलं. काच चमकत होती, इकडून तिकडे, तिकडून इकडे, तेरा बँडेजांवरून फिरत. मग ती बंद झाली आणि ठिपका टेकडीच्या पलीकडे उतरला.

वाचलो. कपडे बदलले, मागच्या भिंतीवरून उडी मारली आणि एलनपोर्टला पोचलो. त्या संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये लग्नाच्या जेवणाची चव बघायचा कार्यक्रम होता. मी, हिलरी, तिचे आईवडील आणि समिती. मासा आला. सेन्हाउससाहेब म्हणाले, "तेरा बँडेज! रानटी लोक आहेत. आपल्यातलं कुणी असणं शक्यच नाही." मी मासा खाल्ला. सबंध मोसमात पहिल्यांदा मला अन्नाची चव लागली. हिलरी टेबलाखाली माझा हात धरून होती.

आता स्केलबेकची एक पद्धत आहे. कप जिंकला की त्यात बियर ओतून तो लॉरीवरून, पितळी बँड लावून, प्रत्येक खेळाडूच्या दारात नेतात. खेळाडूने उंबऱ्यावर उभं राहून प्यायचं, त्याशिवाय तो कप त्याचा झाला असं होत नाही. बारा दारं झाली. तेरावं हेटीकाकूंचं. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आयझॅक घरी नाही."

पुढचं मला नंतर सॉलने सांगितलं. मामा म्हणाला, हेटी, तूच पी त्याच्या वतीने. हेटीकाकू म्हणाल्या, मी काय टॅकल केला? तो जिथं आहे तिथं न्या. मामा म्हणाला, तिथं नेला तर पोराचं वाटोळं होईल. मग लॉरीवर सगळ्यांनी विचार केला. बराच वेळ केला, बारा दारांची बियर पोटात असताना जितका करता येतो तितका. आणि तोडगा निघाला: जायचं, पण पोराचं नाव घ्यायचं नाही. काही झालं तरी नाही. या तोडग्यात त्यांना एकही फट दिसली नाही.

आम्ही हॉलमध्ये पुडिंगपर्यंत आलो होतो तेव्हा बँड ऐकू आला. आधी मला वाटलं, दुसरीकडे कुठे चाललाय. मग तो खिडकीखाली येऊन थांबला. माझा चमचा पुडिंगमध्येच उभा राहिला.

सेन्हाउससाहेबांनी हॉलचा दरवाजा उघडला. बाहेर लॉरी, लॉरीवर स्केलबेक. सगळ्यांच्या डोक्याला अजून बँडेज. इमारतीत पाऊल टाकायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते उंबऱ्याला बुटांची टोकं लावून, रांगेत, अगदी सभ्यपणे उभे राहिले. मधे हेटीकाकू, दोन्ही हातांत कप.

"टबमन!" सगळे एका सुरात ओरडले. "टबमन, बाहेर ये!"

आणि सगळेच्या सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले.

"कुणाला बोलावताय?" सेन्हाउससाहेबांनी विचारलं.

"टबमनला, साहेब," सॉल ब्रॅग म्हणाला. "त्याचं खरं नाव तुम्ही आमच्याकडून काढू शकणार नाही." आणि त्याने मला डोळा मारला. तो डोळा समुद्रापलीकडच्या बेटावरूनही दिसला असेल.

समितीने एकेक करून माझ्याकडे पाहिलं. हिलरीनेही.

"मॉसप," सेन्हाउससाहेब म्हणाले, हळू आवाजात. "तुम्ही ओळखता या लोकांना?"

मला नाही म्हणता आलं असतं. तोंड उघडंच होतं. मी नाही म्हटलं असतं तर कुणाला वाईट वाटलं नसतं. सॉलने आणखी एकदा डोळा मारला असता, लॉरी वळली असती, सगळे खूश होऊन गेले असते. फक्त हेटीकाकूंना तो कप परत न्यावा लागला असता, आणि त्यांच्या दारात तो प्यायला कुणी नव्हतं. कप जड होता. त्यांच्या मनगटावरून बियर ओघळून बुटांवर पडत होती.

"लवकर ये," त्या म्हणाल्या. "हात भरून आलेत माझे."

खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज मला आठवतो. मग पाय कसे चालले ते आठवत नाही. गॅस्कार्थ समोरून येत होता तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो. मी उंबरा ओलांडून बाहेर गेलो, कप घेतला आणि प्यायलो. भीती गेली वगैरे काही नाही. दात कपाच्या कडेवर वाजत होते, ते सगळ्यांना ऐकू आलं. हेटीकाकूंनी कोटाच्या बाहीने माझी हनुवटी पुसली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात शेजारी हिलरी येऊन उभी राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सप्टेंबरपासून."

"आणि मला वाटत होतं, तुझं दुसऱ्या कुणावर प्रेम बसलंय. आमच्या सोफ्यावर डुलकी लागली की झोपेत हेक्टर हेक्टर करायचास." तिने कप माझ्या हातातून ओढून घेतला. "काय आहे यात?"

"बियर. आणि थोडा ट्रंबोनवाल्याचा चष्मा."

तिने चष्मा बाजूला करून चांगला मोठा घोट घेतला. दारात उभ्या असलेल्या तिच्या वडिलांच्या चेहऱ्याचं मी वर्णन करत नाही. मला अजून त्यांचा जावई व्हायचंय.

समिती तिथल्या तिथे बसली. माझा निकाल पुडिंग गार व्हायच्या आत लागला: आजन्म बंदी. हिलरीसाठी नियम नव्हता, तो त्यांनी नव्याने केला: लीगच्या कपातून पिणाऱ्या व्यक्तीलाही तीच. ठराव मांडताना सेन्हाउससाहेबांचा आवाज कापरा झाला, पण त्यांनी मांडला. हिलरीच्या आईने मात्र सांगून टाकलं, की मासा ठरलाय, पडदे धुवायला टाकलेत, एकशेवीस लोकांना पत्रिका गेल्यात. लग्नाचं जेवण त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी होईल. वधूवर आत येऊ शकत नाहीत, तर नाही.

सेन्हाउससाहेब माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची गाडी गल्लीत शिरली की मी अजूनही काउंटरखाली जातो. जून जवळ येतोय. काल रात्री जेवण झाल्यावर हिलरीने मजकूर सांगितला, मी तो लिहिला, आणि आज सकाळी रीतसर समितीच्या पेटीत टाकला:

'तरी माननीय समितीस नम्र विनंती की, दिनांक आठ जून रोजी दुपारी, केक कापण्यास लागेल तेवढ्याच अवधीपुरती मोठ्या हॉलची पूर्वेकडील एक खिडकी उघडी ठेवण्यात यावी, व समितीच्या एखाद्या सदस्याने सदर केक खिडकीपाशी आणून धरावा. अर्जदार व त्यांची वधू बाहेरील गवतावर उभे राहून, सुरीखेरीज अन्य कोणतीही वस्तू अथवा शरीराचा कोणताही भाग इमारतीत न आणता तो कापतील, आणि पहिला तुकडा अध्यक्षांना त्यांनी स्वतः तोंड पुढे केल्यास भरवण्याची परवानगी मिळावी.'